आढ्यावरची फळी

स्वयंपाकघराचं दार अडकतंय असं कोणी नुसतं म्हटलं, की रेवी हातातला चहा अर्धा टाकून उठायचा. मराएच्या, म्हणजे आमच्या गावच्या सभाघराच्या, आवारात पाहुणे यायची वेळ झाली की काहीतरी नेमकं अडकायचंच. दार अडकलं नाही तर गटार तुंबायचं. गटार वाहतं असलं तर सरपण फोडायचं राहिलेलं असायचं. पाहुणे पुढच्या फाटकातून आत येईपर्यंत रेवी मागच्या अंगणात पोहोचलेला असायचा, बाह्या वर सारून, कुऱ्हाड हातात घेऊन. हे असं का होतं ते आमच्या खोऱ्यात सगळ्यांना कळत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं.

पुढच्या अंगणात, सभाघराच्या ओसरीला लागून, एक बाक आहे. पाहुणे आले की घरचे जाणते पुरुष त्यावर बसतात. एकेक जण काठी टेकत उठतो, पाहुण्यांच्या मेलेल्या माणसांना हाक मारतो, आपल्या मेलेल्यांना हाक मारतो, मग जिवंतांची विचारपूस. हे सगळं आमच्या माओरी भाषेत चालतं आणि तिथे अडखळलेलं दिसतं. एके काळी त्या बाकावर खेटून बसायला लागायचं. आता हाइमोना काका एकटाच उरला होता. छातीत घरघर, गुडघ्यात पाणी, तरी भाषण ठणठणीत. स्वतःच्या डाव्या बाजूला तो आपला जाडजूड कोट घडी करून ठेवायचा. उन्हाळा असो की हिवाळा, कोट तिथेच. रेवीला वाटायचं, म्हाताऱ्याला थंडी सोसत नसेल.

रेवी हा तामातीचा थोरला मुलगा. तामाती बोलायला उठला की नदीपलीकडची कुत्रीसुद्धा गप्प बसायची, असं लोक अजून सांगतात. पण तामातीनेच पोराला मिसरूड फुटायच्या आत वेलिंग्टनला सुतारकाम शिकायला पाठवलं होतं. "इथल्या बोलण्याने तिथे पोट भरणार नाही," असं तो म्हणाला आणि घरात पोराशी फक्त इंग्रजीत बोलू लागला. त्या काळी बरेच बाप असं करायचे. त्यांना वाटायचं आपण पोराच्या वाटेतला दगड उचलतोय.

रेवीने तिकडे जन्मभर लोकांची स्वयंपाकघरं बांधली, नोला नावाच्या बाईशी संसार केला, मुलगी वाढवून ऑस्ट्रेलियाला पाठवली. गावात मयत झालं की तो यायचा. गाडी मागच्या बाजूला लावायचा, सरळ स्वयंपाकघरात शिरायचा आणि बटाटे सोलायला बसायचा. बाप गेला तेव्हासुद्धा त्याने भट्टीचा खड्डा खणला, दगड तापवले, शेकडो माणसांचं जेवण जमिनीतून वर काढलं. बापासाठी उठून दोन वाक्यं मात्र बोलला नाही. बोलणार कुठल्या तोंडाने. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ फार दिवस झाकून ठेवली की बोटं आखडतात, हे कोणी सांगत नाही.

नोला गेली आणि रेवी बापाच्या रिकाम्या घरात राहायला आला. येताना हत्यारांच्या पेट्या तेवढ्या आणल्या.

शेजारी त्याची आत्या, पिरिहिरा. तामातीची धाकटी बहीण, पण आता सगळ्या खोऱ्यात वयाने मोठी तीच. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कामातून गेलेले. तिची परसबाग एकेकाळी सगळ्या मराएला पुरायची. रताळी, भोपळे, मका. मयत असो की लग्न, पहिली टोपली तिच्याकडची. आता तिथे गुडघाभर गवत होतं आणि ती खिडकीत बसून त्या गवताकडे बघायची. तिची मुलगी मेरेआना मराएचं स्वयंपाकघर सांभाळायची. ती म्हणायची, "आई जेवत नाही हल्ली. दुकानातली रताळी तिला गिळवत नाहीत."

रेवीने हे ऐकलं आणि कामाला लागला. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती त्याने आत्याच्या कमरेइतक्या उंच उचलल्या, आत नदीकाठची माती भरली, शेणखत मिसळलं. उभ्या उभ्या हात घालता येईल असा वाफा. आत्याने त्याला चारही बाजूंनी हात लावून बघितला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. म्हातारपणाची कातडी ती, कांद्याच्या सालीसारखी. ठोकळ्यांच्या खरबरीत कडेवर टेकताच सोलवटली होती.

"वरून फळी बसवतो," रेवी म्हणाला. "चारी भिंतींच्या माथ्यावर. मग कोपर टेकून आरामात काम कर."

आता फळी कुठल्या लाकडाची, यावर आत्याच्या ओसरीवर चहाबरोबर खल सुरू झाला.

"शहरातून पाइन आण की," मेरेआना म्हणाली. "स्वस्त असतं. हिरवट दिसतं तेवढंच."

"हिरवट दिसतं कारण औषध मारलेलं असतं. आर्सेनिक. किडा लगेच मरतो, आपण सावकाश."

"मग पलीकडच्या शेतात रेल्वेचे जुने स्लीपर पडलेत."

"त्याला डांबर असतं. उन्हात पाझरतं. रताळ्यांना वास लागेल."

"बाई गं, लाकूड निवडतोयस की जावई? मग बांधावरचं मॅक्रोकार्पा घे. परवाच्या वाऱ्यात पडलंय, कापून ठेवलंय, फुकट आहे."

मॅक्रोकार्पा म्हणजे आमच्याकडे शेताच्या कडेला वारा अडवायला लावतात ते झाड. लाकूड चांगलं, औषध न मारता टिकणारं. रेवीनेही मान डोलावली, पण लगेच म्हणाला, "ओलं आहे गं ते. आता बसवलं तर उन्हाळ्यात पिळवटेल. वर्षभर सावलीत रचून ठेवायला हवं."

"वर्षभर कोण थांबतंय?" आत्या पहिल्यांदाच बोलली. "मी? पिळवटू दे. मीसुद्धा पिळवटलेय. रताळी लावायची वेळ याच महिन्यात आहे."

रेवी हसला, पण त्याच्या मनाला ते पटेना. सबंध गावात त्याच्यापाशी दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, त्याच्या हातचं काम. ते वाकडं दिसलं असतं तर त्याच्याजवळ उरलं काय असतं?

"मराएच्या मागच्या शेडमध्ये बघ मग," मेरेआना उठता उठता म्हणाली. "ढीग पडलाय लाकडांचा. हवं ते घे, पण या आठवड्यात संपव."

ती म्हणत होती तो ढीग जमिनीवरचा. जुनी कुंपणं, मोडके दरवाजे, फुटक्या खिडक्या. रेवीने तो उपसला, काही हाती लागलं नाही, आणि कंबर सरळ करायला त्याने मान वर केली.

वर आढ्याला समांतर, दोन तुळयांवर एक लांबलचक फळी ठेवलेली होती, दोरीने नीट बांधून. रेवीने शिडी लावली, अंगठ्याने धूळ पुसली. तोतारा, इथल्या रानातलं न कुजणारं झाड. गाभ्याचं लाकूड, गडद तांबूस, हाताएवढं रुंद आणि चांगलं जाड. असलं झाड आता तोडायला परवानगी नाही, आणि मिळालं तरी असलं जुनं मिळत नाही. रेवीने ती फळी एका टोकाने उचलून बघितली आणि त्याला बरं वाटलं. शहाण्या माणसाने सुकायला ठेवलेली आहे, असं त्याने ठरवून टाकलं. सुतार लोक चांगलं लाकूड आढ्यावरच सुकवतात. वर ऊब असते, खाली ओल असते. जन्मभर त्याने हेच केलं होतं. लाकूड उंचावर ठेवायचं दुसरं काही कारण असू शकतं, हे त्याच्या धंद्याने त्याला शिकवलं नव्हतं.

तरीही, विचारावं असं त्याच्या मनात आलं होतं. ही गोष्ट मी सोडून देणार नाही, कारण सगळं त्यातच आहे. शेडच्या दारातून त्याला पुढचं अंगण दिसत होतं. हाइमोना काका बाकावर ऊन खात बसला होता, बाजूला कोट. चार पावलं जाऊन विचारायचं, काका, ही फळी कोणाची. पण काकाजवळ गेलं की तो एकच शब्द बोलायचा, "बस." आणि बसलं की भाषणाचे पाठ म्हणायला लावायचा. हे म्हण, ते म्हण. रेवीच्या तोंडून ते शब्द पाय मोडल्यासारखे निघायचे. काका रागवायचा नाही, आणि तेच रेवीला सोसायचं नाही. तो शेडमध्येच थांबला. लाजाळू माणूस गुणी असतो असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला विचाराल तर लाजाळू माणसाइतकं नुकसान उद्धट माणूस करत नाही. उद्धट माणूस निदान विचारतो तरी.

त्याने फळी खाली काढली. खालच्या अंगाला पायांसाठी पाडलेली चौकोनी भोकं होती. जुना पलंग असेल, किंवा टेबल, असं म्हणून त्याने ती त्याच लाकडाचे तुकडे ठोकून बुजवली. मग करवत चालवली. तोताराचा वास शेडभर पसरला. दोन लांब तुकडे, दोन आखूड, कोपऱ्यांना तिरके सांधे, असे जुळले की नखसुद्धा शिरू नये. वरच्या अंगावर त्याने हलका रंधा मारला. पण एक कड त्याने तशीच राखली. ती आधीच गोलसर झालेली होती आणि इतकी गुळगुळीत की तिला लावायला रंधा उचलावा हाच गाढवपणा झाला असता. कोणी केली असेल ही कड, किती हात लागले असतील, असं त्याला कौतुक वाटलं. त्या कडेवर एका जागी अंगठा बसेल एवढी खोलगट खाच होती. ती असलेला आखूड तुकडा त्याने मुद्दाम आत्या उभी राहायची त्या बाजूला लावला. तिला हात टेकायला बरं पडेल म्हणून.

शनिवारी सकाळी आत्याच्या परसात माणसं जमली. हाइमोना काका प्रार्थना म्हणायला आला होता. रताळ्याचे वेल ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेले. मेरेआनाने तळलेल्या पावाचं ताट आणि चहाची किटली आणली, जागा शोधली आणि ती सरळ वाफ्याच्या नव्या फळीवर टेकवली.

"दादा, काय काम केलंयस," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल इतकं चांगलं नाही. आई, ये. हात लावून बघ, आता सोलवटणार नाहीस."

आत्या पुढे आली. दोन्ही तळवे तिने फळीवर ठेवले, सावकाश कडेवरून फिरवत नेले. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. रेवी बाजूला उभा राहून बघत होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला चारचौघांत पुढे उभं राहायला संकोच वाटला नव्हता. मग आत्याचा अंगठा त्या खाचेत गेला.

अंगठा तिथेच थांबला. हसू हळूहळू उतरलं. तिने पुन्हा एकदा ती खाच चाचपली, आणि दोन्ही हात उचलून अंगापासून लांब धरले.

"मेरेआना, ताट उचल."

"का? फळीला डाग पडतील म्हणून?"

"उचल म्हणते ना."

मेरेआनाने ताट उचललं. आत्या रेवी उभा होता त्या बाजूला वळली. तिला तो नीट दिसत नव्हता, पण कुठे आहे ते कळत होतं.

"कुठलं लाकूड हे, बाळ?"

"शेडमधलं, आत्या."

"शेडमधलं कुठलं?"

"वरचं. आढ्यावरचं."

हाइमोना काका काठी टेकत जवळ आला. त्याने फळीला हात लावला नाही. "याला खालून भोकं होती का रे?" त्याने विचारलं.

"होती. बुजवली मी."

काकाने डोळे मिटून घेतले. किटलीची वाफ मेरेआनाच्या तोंडावर येत होती, तरी ती हलली नाही.

"ही तुझ्या बापाच्या काठीची खाच आहे," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्याचं भाषण ऐकताना तो काठी इथे टेकवून बसायचा. समोरचा चुकला की काठी फिरवायचा, इथल्या इथे. त्याच्या आधी माझे वडील तिथेच बसायचे. जुना बाक आहे हा. नवा केला तेव्हा याचे पाय काढले आणि आम्ही तो वर ठेवला, कोणाचा पाय लागू नये म्हणून."

रेवीला पायाखालची जमीन हवी तेव्हा फाटत नाही हे कळलं. लहानपणी त्याने तो बाक शेकडो वेळा पाहिला होता, म्हणजे त्यावर अंथरलेल्या घोंगड्या पाहिल्या होत्या आणि घोंगड्यांवर बसलेले म्हातारे. लाकूड कधी पाहिलं नव्हतं. मोठेपणी तो त्या बाकाच्या समोर उभाच राहिला नव्हता. आणि टेबलावर टेकलं म्हणून आईचा मार खाल्लेला पोरगा तो. बसायची जागा आणि खायची जागा एकत्र येऊ द्यायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने मात्र आपल्या आज्या-पणज्यांची बैठक कापून रताळ्यांच्या भोवती लावली होती. त्यावर पावाचं ताट ठेवलं गेलं होतं. माफ करा म्हणावं तर ते कुठल्या भाषेत म्हणायचं, हेसुद्धा त्याला कळेना.

आत्या नळाशी गेली. तिने हात धुतले, दोष उतरावा म्हणून पाणी डोक्यावरून शिंपडलं, मग एकेकाने तेच केलं. तळलेला पाव कोणी खाल्ला नाही, मेरेआनाने तो लांब नेऊन पुरला. काकाने तिथेच उभं राहून प्रार्थना म्हटली, ठरली होती ती नव्हे, दुसरी, लांब. रेवीला त्यातले दोनच शब्द कळले. एक त्याच्या बापाचं नाव आणि दुसरं त्याचं स्वतःचं.

"तूच बसवलीस, तूच काढ," काका शेवटी म्हणाला.

सगळे बघत असताना रेवीने एकेक स्क्रू काढला. त्याने ते इतके नीट बसवले होते की निघता निघेनात. चारही तुकडे घोंगडीत गुंडाळून ओसरीवर ठेवले गेले. रताळ्याचे वेल गोणपाटातच राहिले.

"लावू या ना गं आई," मेरेआना हळूच म्हणाली.

"आज नाही," आत्या म्हणाली. "हे मिटल्याशिवाय त्या मातीत मी हात घालणार नाही." आणि ती आत जाऊन खिडकीत बसली.

वेल काही फार दिवस टिकत नाहीत. रेवीला ते ठाऊक होतं. दुपारी त्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि हत्यारांच्या पेट्या चढवायला सुरुवात केली. चौथी पेटी उचलताना मेरेआना येऊन दारात उभी राहिली.

"कुठे?"

"वेलिंग्टन."

"बरोबर आहे. गटार तुंबलं असेल तिकडे."

रेवीने चौथी पेटी आत सरकवली.

"माती खाल्लीस ती खाल्लीस, दादा. ती पुसायला तरी थांब. उद्या सकाळी सगळे बसणार आहेत, तुकड्यांचं काय करायचं ते ठरवायला. तू नसलास तर काय होईल माहीत आहे? कोणी तुला शिव्या देणार नाही. तुझ्याऐवजी आई उठून माफी मागेल. भाच्याची चूक म्हणून. त्या गुडघ्यांनी."

ती निघून गेली. रेवी बराच वेळ पेटीवर बसून राहिला. पळून जायची लाज आणि थांबायची लाज यांत कुठली जड, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी आत्याचे गुडघे जड झाले. त्याने पेट्या उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी सभाघरात माणसं गाद्यांवर बसली होती. तुकडे मधोमध, घोंगडीवर. एक म्हणाला जाळा, एक म्हणाला नदीत सोडा. कोणी रेवीकडे बघत नव्हतं. मग बोलणं थांबलं आणि ते थांबणं त्याच्यासाठीच होतं. तो उठला.

"मला इंग्रजीतच बोलावं लागेल," तो म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. विचारावं असं वाटलं होतं मला. काका समोरच बसला होता. विचारायला गेलो असतो तर तो बस म्हणाला असता. बसावं लागू नये म्हणून मी विचारलं नाही. फळी कापली ती त्यासाठी."

हे तो बोलला आणि त्याला वाटलं आता कोणीतरी काहीतरी फेकून मारेल, मारलं तर बरं. कोणी मारलं नाही. हाइमोना काकाला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

"संपलं?" आत्याने विचारलं.

"संपलं."

"मग ऐक. हे तीन तुकडे वरती कबरींच्या कुंपणाजवळ पुरायचे, तामातीच्या शेजारी. खड्डा तू खणायचास. खड्डे चांगले खणतोस तू." कोणीतरी खाली मान घालून हसू दाबलं. "चौथा पुरायचा नाही. खाच आहे तो. त्याला पाय कर."

"आत्या, तो आखूड आहे. बाक होणार नाही त्याचा."

"एका माणसापुरता होतो की."

रेवीला समजलं. त्याने काकाकडे बघितलं. काका दुसरीकडे बघत होता.

खड्डा त्याने त्याच दिवशी खणला. काकाने वाफ्याभोवती फिरून पुन्हा प्रार्थना म्हटली, आत्याने मातीवर पाणी शिंपडलं. नव्या फळीसाठी बांधावरचं ओलं मॅक्रोकार्पा आलं. रुंदी किती ठेवायची, रेवीने विचारलं. तो आता सगळंच विचारत होता.

"हात टेकेल इतकी," आत्या म्हणाली. "पण कोणाचं ढुंगण टेकणार नाही इतकी. अरुंद ठेव. म्हणजे पुढच्या गाढवांनाही कळेल."

त्याने अरुंद ठेवली, कडा गोल घासल्या. वेल निम्मे सुकले होते, निम्मे लागले. फळी उन्हाळ्यात पिळवटणार हे त्याला दिसत होतं आणि त्याने ती तशीच बसवली. आत्या त्यावर कोपर टेकून मातीत बोटं खुपसायची आणि वेलांना नावं ठेवायची.

बाकाला पाय करायला मात्र त्याला फार दिवस लागले. बुजवलेली भोकं तो पटाशीने एकेक कपची काढत पुन्हा कोरायचा. शेवटी एका सकाळी उत्तरेकडून पाहुणे येणार होते. मेरेआनाने तो एका माणसाचा बाक उचलला आणि पुढच्या अंगणात मोठ्या बाकाच्या डाव्या टोकाला नेऊन ठेवला.

रेवी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दार अडकत नव्हतं, ते त्यानेच दुरुस्त केलं होतं. पाहुणे फाटकाशी जमलेले दिसले. हाइमोना काका बाकावर होता, बाजूला घडी केलेला कोट. रेवी अंगण ओलांडून गेला. सगळ्या गावाचे डोळे पाठीवर असल्यासारखं त्याला वाटलं, आणि ते होतेच. तो आपल्या तुकड्यावर बसणार तोच काका म्हणाला, "तिथे नाही."

"मग?"

"तो माझ्यासाठी. उठता-बसता मला धरायला काहीतरी लागतं, काठीची खाच बरी पडते." काका कण्हत उठला, कापलेल्या तुकड्यावर जाऊन बसला, आणि हात लांब करून मोठ्या बाकावरचा आपला कोट उचलला. "तू इथे बस."

"काका, मला बोलता येत नाही."

"बोल कोण म्हणतंय? आज नुसता बस. तामाती गेला तेव्हापासून त्याच्या जागेवर मी कोट ठेवतोय. कोणी दुसरा बसू नये म्हणून."

रेवीने त्या कोटाकडे बघितलं. प्रत्येक मयताला तो मागच्या दाराने आला होता आणि प्रत्येक वेळी हा कोट इथे होता. फळी कापली तेव्हा वाटली नव्हती इतकी लाज त्याला आत्ता वाटली.

फाटकातून पाहुण्यांमधल्या एका म्हातारीची हाक आली, पाहुणे चालू लागले. रेवी बसला. लाकूड अजून कोटाच्या उबेने गरम होतं.